बिनफटीचा डबा

‘‘पेटीत न्हवं वकीलसायेब, पेटीवर!’’

मारुतीनं सायकल भिंतीला लावलीसुद्धा नाही. ती अंगणात तशीच आडवी झाली आणि तिचं चाक फिरत राहिलं. मी सोप्यात बसून दुसऱ्या दिवशीच्या भाषणाचे मुद्दे काढत होतो.

‘‘काय पेटीवर?’’

‘‘मतं! आपल्या शिडीच्या पेटीवर ठेवल्यात बायकांनी. नुसती वर ठेवल्यात, आत टाकलीच न्हाईत. वर कुंकू वाहिलंय. एकीनं झेंडूचं फूल ठेवलंय! सायबानं मतदान संपल्यावर पडद्याआडनं सगळी गोळा करून आणली, पाकिटात घातली आन वर ‘बाद’ लिहून लाखेचं सील मारलं. माझी सही घेतली की त्यावर!’’

‘‘किती होती?’’

त्यानं अंगठा आणि बोटामध्ये जराशी फट ठेवून जाडी दाखवली. ‘‘आन ही माझ्या एकट्या गावातली. येताना बाकीच्या गावांतनं बी हेच ऐकत आलोय.’’

मी पेन्सिल खाली ठेवली. बायकांना हे कुणी शिकवलं, असं विचारायची सोय नव्हती. शिकवणारा मीच होतो.

आता मत द्यायची रीत बदलली आहे, म्हणून तेव्हाची सांगतो. मतपत्रिकेवर शिक्का वगैरे काही मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि तिच्यावर त्याच्या चिन्हाचं चित्र चिकटवलेलं असे. पडद्याआड सगळ्या पेट्या ओळीनं मांडलेल्या. मतदारानं हातातला कागद आपल्याला हव्या त्या पेटीच्या झाकणावरच्या बारीक फटीतून आत सारायचा. कागदावर नाव नाही, गाव नाही. आत पडला तर तो त्या उमेदवाराचा. बाहेर राहिला तर कुणाचाच नाही.

निवडणूक लोकल बोर्डाची होती. खेड्यातले रस्ते, विहिरी, दवाखाने, ओढ्यांवरचे साकव म्हणजे लहान पूल, हे सगळं त्या बोर्डाच्या हातात. संस्थान विलीन होऊन फार दिवस झाले नव्हते. जो उठेल तो पक्ष काढत होता, तसा आम्हीही काढला. मी अध्यक्ष. पक्षाचं नाव इतकं लांबलचक ठेवलं होतं की पेंटर अक्षरामागे पैसे घेतो हे कळल्यावर आम्ही बोर्डच रद्द केला. राजारामपुरीतल्या माझ्या घराचा सोपा हेच ऑफिस. गाड्या म्हणजे दोन सायकली, त्यातली एक मारुतीची. तो एका कारखान्यात लेथवर होता आणि आमचा पोलिंग एजंट म्हणून बसायला त्यानं बिनपगारी रजा काढली होती. पोलिंग एजंट म्हणजे उमेदवाराच्या वतीनं केंद्रात बसून खोटा मतदार येत नाही ना, हे बघणारा माणूस. लाऊडस्पीकर नव्हता. पत्र्याचा एक कर्णा होता, त्यात ओरडलं की माझाच आवाज मला कुत्रं भुंकल्यासारखा ऐकू येई.

समोरच्या पॅनेलकडे दोन जीपगाड्या होत्या. त्यांचे पुढारी एकदा माझ्या दारात जीप उभी करून म्हणाले होते, ‘‘वकील, पक्ष पेट्रोलवर चालतो. तुमचा चहावर चाललाय. या आमच्यात.’’ मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. साखर शेजारून आणावी लागली.

आमची उमेदवार होती तानाक्का, धंद्यानं सुईण. पंधरा गावांतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. ही पंधरा गावं एका ओढ्यानं तोडलेली होती, आठ पलीकडे आणि सात अलीकडे. तानाक्काचं घर अलीकडे. पावसाळ्यात ओढा फुगला की ती गुळाच्या काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईत, बसून पलीकडे जायची, चार गडी काहील धरून पोहत असायचे. एका श्रावणात काहील मध्येच उलटली. गड्यांनी तानाक्काला ओढून काढलं. पलीकडे तिची वाट बघत अडलेली बाई मात्र गेली आणि पोटातलं लेकरूही गेलं. त्यानंतर तिनं बोर्डाकडे साकव मागितला, तीन वर्षं मागितला. बोर्डानं रस्ते केले ते मेंबरांच्या मळ्यापर्यंत. शेवटी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘‘साकव मागून मिळंना झालाय. आता बोर्डातच शिरतो.’’

बायका इकडे ‘शिरतो, करतो’ असंच बोलतात, हे बाहेरच्यांसाठी सांगून ठेवतो. चिन्ह मिळालं शिडी. ते ऐकून तानाक्का म्हणाली, ‘‘साकव मागितला आन शिडी दिली व्हय? चढायचं कुठं?’’

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट. लोकांना मतदान शिकवायला नमुन्याची पेटी हवी होती. कचेरीनं दिली नाही. पत्रेवाल्याकडून करून घ्यायला पैसे नव्हते. मी लक्ष्मीपुरीतल्या एका वाण्याकडून गोडेतेलाचा रिकामा डबा मागून आणला. वाणी भला माणूस, पण त्याची एक अट होती. रिकामा डबाही विकला जातो, तेव्हा डब्याला भोक पडता कामा नये. मारुतीला हे पटलं नव्हतं. ‘‘फटीशिवाय पेटी कसली ओ? छिन्नीनं पाडू की एक.’’ मी म्हणालो, ‘‘अरे, लोकांना चित्र ओळखता आलं की झालं. फट काय, दिसेलच त्यांना.’’

तर डब्यावर शिडीचं चित्र चिकटवून आम्ही गावोगाव हिंडलो. पारावर डबा ठेवायचा आणि जमलेल्या पुरुषांच्या देखत बायकांच्या हातात कागदाचा तुकडा द्यायचा. बायका पदर सावरून पुढे यायच्या, कागद डब्यावर अलगद ठेवायच्या, वाकून नमस्कार करायच्या. देवीपुढे ओटी ठेवावी, तसं. मला इतकं कौतुक वाटलं! घरी येऊन बायकोला म्हणालो, असा शिस्तीचा मतदार इंग्लंडात नसेल. पक्षाचा अध्यक्ष म्हणून मी केलेलं हे सगळ्यात यशस्वी काम. शिकवलं ते एकही बाई विसरली नाही.

मतदान दोन टप्प्यांत होतं, कारण पेट्या आणि कारकून दोन्ही अपुरे होते. पलीकडची आठ गावं आधी, मग तीन दिवस मध्ये सोडून अलीकडची सात. पहिला टप्पा झाला आणि मारुती ही बातमी घेऊन आला. ज्यांना साकव सगळ्यात जास्त हवा होता, त्यांचीच मतं पाकिटात गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोट घालून मामलेदार कचेरीत गेलो.

‘‘साहेब, मतदाराचा हेतू स्पष्ट आहे. कागद शिडीच्या पेटीवर होता, तेव्हा मत शिडीला होतं.’’

साहेब सज्जन होते. चष्मा काढून म्हणाले, ‘‘वकीलसाहेब, तुम्ही पोस्टाच्या पेटीवर पत्र ठेवून घरी गेलात, तर ते पोस्टात टाकलं असं म्हणाल का?’’

‘‘पण बायका अडाणी आहेत हो.’’

‘‘असतील. त्यांना शिकवलं कुणी?’’

कोर्टात उलटतपासणीला मी कुणाला फारसा भ्यायचो नाही, पण त्या दिवशी कोट काखेत घालून बाहेर आलो. बाहेर बाकावर तानाक्का बसली होती. मारुतीनं तिला आदल्या रात्रीच सगळं सांगितलं होतं.

‘‘काय म्हनला सायेब?’’

‘‘बाद म्हणजे बाद.’’

‘‘आन तुमी काय म्हनलासा?’’

‘‘मी काय म्हणणार, आक्का? चूक माझी आहे.’’

‘‘मग तुमचीच हाय!’’ ती कचेरीच्या आवारात कडाडली. दोन शिपाई वळून बघायला लागले. ‘‘एवढी बुकं वाचून बिनफटीचा डबा घिऊन हिंडलासा. पलीकडच्या बायका ऊस तोडायचा टाकून मताला आल्यात. खाडा केलाय त्येंनी! पोटाला चिमटा काढून दिलेलं मत, आन तुमी ते झाकणावर ठिवायला लावलंसा!’’

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? मी म्हणालो, ‘‘पुढच्या टप्प्यातून नाव काढून घेऊ या. आणखी सात गावांत हसं नको.’’

‘‘हसं झालं तर माझं हुईल. मधल्या धारंत गेल्यावर काहील सोडत्यात का कुटं?’’ असं म्हणून ती उठली. ‘‘आज वार कुठला? भोगी परवा न्हवं?’’

‘‘उद्या.’’

‘‘उद्याच? मग चला लवकर. रखमाकडं.’’

रखमा कुंभारीण. संक्रांतीला सुवासिनी मातीची सुगडं पुजतात, हे वाचकांना माहीतच आहे. ती सुगडं तेव्हा बाजारात विकत आणायची पद्धत नव्हती. कुंभारीण भोगीला पाटी डोक्यावर घेऊन घरोघर फिरायची आणि सुगडं पोचती करायची. बदल्यात सुगीला धान्य. पाटलाच्या वाड्यापासून गावाच्या टोकाच्या झोपडीपर्यंत एकही दार सुटायचं नाही. सातही गावांच्या कुंभारणी एकमेकींच्या सोयऱ्या, आणि रखमा सगळ्यांत थोरली. जीपगाडीला जे जमत नव्हतं, ते हिच्या पाटीला दर वर्षी फुकट जमत होतं. पक्षाध्यक्षाला हे सुचलं नव्हतं.

रखमा मडकी भाजायच्या आव्याजवळ सुगडं पुसत बसली होती. तानाक्कानं सगळं सांगितलं. रखमा हात थांबवून म्हणाली, ‘‘आक्का, तुझ्या हातानं माझी तीन झाली. तुला न्हाई म्हनायला जीभ रेटत न्हाई. पर मी बलुतेदार. वाड्यावरनं बी माप येतंय, झोपडीतनं बी येतंय. मी शिडीचं नाव घेतलं की वाड्यावरचं माप बंद. माझी पोरं काय माती खातील?’’

मी अध्यक्ष म्हणून काही आश्वासन द्यायला तोंड उघडलं. तानाक्कानं मला हातानंच गप्प केलं.

‘‘शिडीचं नावच घिऊ नगंस. कुणाचंच घिऊ नगंस. नुसतं सांग, मत पेटीवर ठिवायचं न्हाई, फटीतनं आत टाकायचं. गल्ल्यात पैसा टाकल्यागत. वाड्यावर बी सांग, झोपडीत बी सांग.’’

मी तिला बाजूला घेतलं. ‘‘आक्का, असं सगळ्यांना सांगितलं तर त्यांची मतंसुद्धा नीट पडतील.’’

‘‘त्येंची नीटच पडत्यात,’’ ती म्हणाली. ‘‘वर ठिवायला तुमी फकस्त आपल्याच मानसांस्नी शिकवलंय.’’

रखमा इतकी हसली की तिच्या हातातलं एक सुगड फुटलं. मग ती आत गेली आणि जत्रेसाठी करून ठेवलेले मातीचे गल्ले घेऊन आली. एकूण सात होते, गावामागे एक. ‘‘नुसतं सांगून बायका इसरतील,’’ म्हणाली. ‘‘सुगडात घालायला हरभरं असत्यातच घरात. एक दाना फटीतनं टाकायला लावतो. वाजला की झालं.’’

बायकांचं काम मार्गी लागलं. राहिले पुरुष, आणि ते काम माझं होतं. गुऱ्हाळांचा हंगाम होता. गुऱ्हाळावर आलेल्याला रस आणि गरम गूळ दिल्याशिवाय कुणी परत पाठवत नाही, त्यामुळे माणसं तिथे आपोआप जमलेली असतात. आमच्या पक्षाच्या बहुतेक सभा तिथेच होत. मंडपाचा खर्च नाही, आणि कार्यकर्त्याचं जेवणही निघतं. मी तेलाचा डबा कॅरियरला बांधला आणि भोगीला सकाळपासून सायकल हाणली. पहिल्याच गुऱ्हाळावर चुलाणापाशी उभा राहिलो आणि कर्णा न लावता म्हणालो,

‘‘मंडळी, मागच्या आठवड्यात मी तुम्हांला चुकीचं शिकवलं.’’

पुढाऱ्याच्या तोंडून हे वाक्य कुणी ऐकलेलं नसावं. गुळव्या, म्हणजे गूळ उतरवणारा कारागीर, काहिलीतलं फावडं थांबवून माझ्याकडे बघायला लागला.

‘‘काय चुकीचं?’’

मी डबा खाली ठेवला. मारुतीनं दिलेली छिन्नी काढली आणि सगळ्यांसमोर डब्याला फट पाडली. ‘‘ही राहिली होती. मत हितनं आत टाकायचं. वर ठेवलेलं मोजत नाहीत. पलीकडच्या तुमच्या सोयऱ्यांची मतं माझ्यामुळं वाया गेली.’’

एक म्हातारा बांधावरून ओरडला, ‘‘आवो पावणं, मत टाकायचंच जर उलटं शिकवलासा, तर निवडून आल्यावर साकव बी आडवा सोडून उभा बांधशीला की!’’

सगळे खो खो हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार? मग मी विचारलं, ‘‘तुम्ही लेक कुठं दिलीय, आजोबा?’’

म्हाताऱ्याचं हसू जरा ओसरलं. ‘‘दोघी पलीकडंच दिल्यात.’’

‘‘बाळंतपणाला माहेरी येतात?’’

‘‘येत्यात. ओढा उतरला असंल तर.’’

मला आणखी भाषण करावं लागलं नाही. गुळव्यानं पळसाच्या पानावर गूळ दिला आणि मी पुढच्या गावाला निघालो. त्या दोन दिवसांत बारा गुऱ्हाळांवर मी माझी चूक सांगितली. पहिल्या ठिकाणी जीभ जड झाली होती. बाराव्या ठिकाणी लोक आधीच हसत उभे होते. बातमी माझ्या सायकलच्या पुढे गेली होती.

दुसऱ्या टप्प्याचं मतदान संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आलं. त्या दिवशी कर, म्हणजे शुभ काम कुणी करत नाही. कचेरीच्या कॅलेंडरात कर नसते. बायका येतील की नाही, हीच शंका होती. तानाक्का सकाळी सकाळी स्वतः रांगेत पहिली उभी राहिली आणि मागे वळून म्हणाली, ‘‘बाळंतीण काय कर बघून अडती का गं?’’ दुपारपर्यंत रांग देवळाला वळसा घालून गेली.

मारुती आत एजंट म्हणून बसला होता. दुपारी एक म्हातारी पडद्याआड गेली ती येईचना. आतून खडखडाट ऐकू आला. अधिकारी धावत गेले. म्हातारी दोन्ही हातांनी पेटी हलवत होती.

‘‘आजी, हे काय करताय?’’

‘‘आवाज आला न्हाई ओ! रखमानं सांगितलं हुतं, वाजलं म्हंजे पडलं.’’

‘‘आजी, हा कागद आहे. कागद वाजत नाही.’’

‘‘मग पडलं का न्हाई ते मला कसं कळायचं?’’

अधिकाऱ्यांनी पेटीचं झाकण बघितलं आणि म्हणाले, ‘‘वर काही नाही. म्हणजे आत पडलं.’’ मारुतीनं संध्याकाळी हे सांगितलं तेव्हा मी त्याच्याकडून ते शेवटचं वाक्य दोनदा वदवून घेतलं. सातही गावांत एकाही पेटीवर एकही कागद सापडला नाही.

मोजणी कचेरीत झाली. अलीकडच्या सात गावांत आम्ही स्पष्ट पुढे होतो. पलीकडच्या आठ गावांच्या पेट्या उघडल्या आणि आघाडी वितळत गेली. शेवटी तानाक्का हरली, सत्तर-एक मतांनी. टेबलाच्या कोपऱ्यात आठ सीलबंद पाकिटं पडली होती. त्यांत एकूण किती कागद आहेत, हे साहेबांनी नियमाप्रमाणे वाचून दाखवलं. ते सत्तरच्या दुपटीहून जास्त होते.

समोरच्या पॅनेलचे पुढारी हार घालून उभे होते, पण त्यांचा चेहरा हार घातलेल्या माणसाचा नव्हता. चहावर चालणाऱ्या पक्षानं आपल्याला एका तेलाच्या डब्याच्या फरकानं सोडलंय, हे त्यांना बेरीज-वजाबाकी न करताही कळलं होतं.

मी तानाक्कापुढे हात जोडले. ‘‘आक्का, तुझा साकव मी घालवला.’’

‘‘गप बसा,’’ ती म्हणाली. ‘‘पुढच्या वक्ताला डबा मी आननार.’’

पण पुढची वेळ यायच्या आतच मार्च महिन्यात ओढ्यावर दगड येऊन पडायला लागले. जिंकलेल्या मेंबरांना पुढच्या निवडणुकीची घाई झाली होती. पाऊस लागायच्या आत साकव उभा राहिला. उद्घाटनाचा मांडव पडला, फीत बांधली गेली, पुढाऱ्यांची जीप यायची होती. आम्हांला आमंत्रण नव्हतं. मी आणि मारुती सायकली घेऊन लांब बाभळीखाली उभे होतो.

तेवढ्यात पलीकडून एक गडी पळत आला. ‘‘आक्का कुठं हाय? आमच्यात बाई अडलीया!’’

तानाक्का गर्दीतून बाहेर आली. काखेत तिची पिशवी होतीच. ती साकवाकडे निघाली, तसा एक कार्यकर्ता आडवा आला. ‘‘आक्का, थांबा जरा. सायेब येऊन फीत कापू देत.’’

तानाक्कानं त्याच्याकडे बघितलं. ‘‘तुला बी मीच काढलाय रं बाहेर. तवा कुणाची वाट बघितली हुती का?’’

तिनं फीत हातानं वर उचलली, खालून वाकून पलीकडे गेली आणि कोरड्या पायांनी साकव ओलांडला. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

पक्ष पुढे चार-पाच वर्षं चालला आणि मग आपोआप थांबला. तेवढ्या काळात आम्ही एकही जागा जिंकली नाही. लहान पक्ष काढणारी तरुण मुलं अजून कधीकधी सल्ला विचारायला येतात. पैसा कसा उभा करायचा, असं त्यांना विचारायचं असतं. ते मला कधीच जमलं नाही, तेव्हा मी काय सांगणार? मी त्यांना माळ्यावरून तेलाचा डबा काढून दाखवतो. वाण्यानं तो परत घेतला नाही. भोक पडलेला डबा कोण घेईल? त्यावरचं शिडीचं चित्र कधीच उडालंय, फट तेवढी आहे. लोकांना शिकवायला जाण्याआधी आपल्या डब्याला फट आहे का बघा, एवढंच सांगतो, आणि आत चहा टाकायला सांगतो.